घोडा का अडला?

परवा रविवारी सकाळी भाची रडत घरी आली. वय वर्षं बारा. दोन महिन्यांपासून रायडिंगच्या क्लासला जाते. आल्या आल्या हेल्मेट सोफ्यावर फेकलं आणि जाहीर केलं, "मी आता जाणार नाही." कारण काय, तर घोडा अडला. जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर ठेवलेला बांबू, त्याच्यासमोर तीनदा नेला आणि तिन्ही वेळा तो ऐन वेळी थांबला. तिसऱ्यांदा ही पार त्याच्या मानेवर गेली. पडली नाही एवढंच. बाकीची मुलं हसली म्हणे.

भाऊजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "एक सणसणीत ठेवून द्यायची होतीस. त्याला कळलं पाहिजे वर कोण बसलंय ते."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. तव्यावरची भाकरी करपली, विड्याची पानं सडली आणि घोडा अडला, या तिन्हीचं कारण एकच, ते कोणतं, हे कोडं तिने मला लहानपणी घातलं होतं, मग ताईला घातलं, आता नातीची पाळी. नातीने डोळे पुसत उत्तर दिलं, "फिरवलं नाही म्हणून." सगळे हसले. ती पण हसली. विषय संपला.

माझ्यापुरता मात्र संपला नाही. कोड्याचं उत्तर लहानपणापासून पाठ आहे, पण घोडा का अडला हा प्रश्न मला गेली पस्तीसेक वर्षं वेगळ्याच कारणाने छळतो. आज ते लिहूनच टाकतो.

मी कॉलेजात असताना घोड्यांच्या एनसीसीत होतो. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरचं व्हेटरनरी कॉलेज माहीत असतं, पण एनसीसीत घोड्यांचंही पथक असतं हे अनेकांना माहीत नसतं. पहाटे साडेपाचला सायकल मारत जायचं, खरारा करायचा, खूर साफ करायचे, खोगीर चढवायचं आणि मग रपेट. आधी नुसती चाल, मग दुडकी, मग दौड, आणि बऱ्याच महिन्यांनी उडी. शिकवायला सैन्यातले उस्ताद. राजस्थानचे होते, बोलणं कमी, मिशा जास्त.

एक गोष्ट सांगायला हवी. तिथे कुणाचाच घोडा स्वतःचा नसतो. सकाळी नाव पुकारतात, जो घोडा वाट्याला येईल तो तुमचा, तासाभरापुरता. मराठ्यांच्या घोडदळात यासाठी नेमका शब्द होता, बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर. जो आपला घोडा आपण आणतो तो शिलेदार. नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेली तेव्हा तिकडच्या लोकांनी या बारगिरांची इतकी धास्ती घेतली की 'बर्गी' हा शब्द त्यांच्या भाषेत आजही आहे. तर आम्ही सगळे बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी गेली, त्यामुळे घोड्याचं दुखणं हे त्याचं स्वतःचं दुखणं. बारगिराचं तसं नाही. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता.

मला बहुतेक वेळा बादल मिळायचा. राखाडी रंगाचा, वयस्क, समजूतदार घोडा. नवख्या पोरांना सांभाळून घेणारा. त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. पोचलो तेव्हा बाकीचे खोगीर चढवत होते. मी कसाबसा खरारा केला आणि खूर साफ करायचे सोडून दिले. एक दिवस नाही केले तर काय होतंय!

दुडकीतच मला जाणवलं की आज हा जरा आखडून चालतोय. पण मी म्हटलं, थंडी आहे, आळसावला असेल. मग उडीची पाळी आली. बादल बांबूपाशी आला आणि थांबला. दुसऱ्यांदा थांबला. रांगेत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसायला लागली. तिसऱ्यांदा मी टाच मारली आणि वर छडी मारली. एक नाही, चार-पाच. बादल उडाला. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तो पलीकडे उतरला आणि लंगडायला लागला.

साईसकाका धावत आले. नरखेडकडचे होते, त्यांना पहिल्या दिवसापासून आम्ही काकाच म्हणायचो. त्यांनी पाय उचलला, खूर बघितला. आत टोकदार खडा रुतून बसला होता. उतरताना सगळं वजन त्याच पायावर आलं होतं. काका एवढंच म्हणाले, "त्यानं तुले तीनदा सांगतलं ना बाबू." उस्ताद आले, त्यांनी खडा बघितला आणि काकांना झाडलं, की घोडा तपासून का दिला नाही. खूर साफ करणं हे माझं काम होतं. काकांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. काका माझ्याकडे बघून गप्प बसले. आणि मीही गप्प बसलो.

तर घोडा का अडला? माझ्या बाबतीतलं उत्तर असं, की मी खूर साफ केला नाही म्हणून. फटके मात्र घोड्याने खाल्ले आणि बोलणी काकांनी.

स्पर्धेच्या भाषेत याला रिफ्यूजल म्हणतात, नकार. शो जंपिंगमध्ये घोड्याने एकदा नकार दिला तर चार गुण जातात, दुसऱ्यांदा दिला तर स्पर्धेतून बाद. क्रॉस-कंट्रीत एका नकाराला वीस गुणांचा दंड. दंड जोडीच्या नावावर लागतो, एकट्या स्वाराच्या नाही. मला ही व्यवस्था फार आवडते. एक तर घोड्याला 'नाही' म्हणता येतं हे नियमानेच मान्य केलेलं आहे. आणि दुसरं म्हणजे ते 'नाही' दोघांमधलं आहे, एकट्या घोड्याचा तो गुन्हा नाही.

मुळात घोडा हे भक्ष्य असलेलं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. म्हणजे ज्या अडथळ्यावरून उडायचं तो शेवटच्या क्षणी त्याला नीट दिसतच नाही! आधी पाहिलेलं लक्षात ठेवून तो उडतो. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल-नारिंगी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांना वर्षानुवर्षं नारिंगी पट्ट्या असायच्या, कारण त्या माणसाला उठून दिसतात. संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्याला पांढरा रंग जास्त ठळक दिसतो, आणि २०२२ मध्ये त्या पट्ट्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. इतकी वर्षं कितीतरी घोडे त्यापायी अडले असतील, आणि प्रत्येक वेळी दोष घोड्याचाच ठरला असेल.

दिसण्यात अशी गंमत, पण स्पर्श मात्र विलक्षण. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवणारं हे जनावर. वर बसलेल्याचा श्वास अडकला, मांड घट्ट झाली, की त्याला कळतं. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. पाच अधिक तीन विचारलं की आठ वेळा टाप आपटायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की हान्सला गणित येत नाही. विचारणाऱ्याचं डोकं योग्य आकड्याला किंचित हलतं, ते बघून तो थांबतो. विचारणाऱ्याला स्वतःलाही ते हलणं ठाऊक नसायचं! लोक म्हणाले, हात्तिच्या, एवढंच! मला मात्र गणितापेक्षा हे जास्त अवघड वाटतं. तुमच्या मनातलं तुम्हाला कळायच्या आधी ज्याला कळतं, त्याच्याशी खोटं कसं बोलणार? आणि तो आपल्याला एवढा वाचत असताना, आपण त्याला किती वाचतो?

फार थोडं. ब्रिटनच्या स्यू डायसन या पशुवैद्यक बाईंनी पाठीवर स्वार असताना घोडा कसा वागतो याची चोवीस लक्षणांची एक यादी केली. कान मागे टाकणं, शेपटी झटकणं, तोंड उघडणं, वगैरे. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर बहुधा घोड्याला कुठेतरी दुखतंय. ज्याला आपण हट्टीपणा म्हणतो, खोड म्हणतो, तीच ही लक्षणं. साईसकाकांनी ही यादी कधी वाचली नव्हती, पण ती त्यांना येत होती.

आता मोठ्या मैदानाकडे बघू. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ६ ऑगस्ट २०२१ ला, मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. या खेळात घोडा चिठ्ठीने मिळतो आणि ओळख करून घ्यायला फक्त वीस मिनिटं. तिला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला. तो आधीच एका स्पर्धक बाईंबरोबर अडला होता. श्लॉयबरोबरही अडला. ती रडत होती, छडी मारत होती, आणि प्रशिक्षक बाहेरून ओरडत होत्या की मार, जोरात मार. त्यांनी स्वतः घोड्याला गुद्दा मारला आणि त्यांची हकालपट्टी झाली. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. शेवटी त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. २०२४ चं पॅरिस हे शेवटचं.

मला त्या मुलीची कीव आली. कारण ती मीच होतो. वीस मिनिटांच्या ओळखीवर पाच वर्षांच्या मेहनतीचा निकाल लागणार, आणि समोरचा 'नाही' म्हणतोय! पण याला जोडी कशी म्हणायची? तो घोडा तिच्यासाठी सायकल होता, आणि सायकलची चेन पडली होती.

बरं, वर्षानुवर्षांची ओळख असली की सगळं आलबेल असतं असंही नाही. ब्रिटनची शार्लट दुजार्डिन, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, व्हॅलेग्रो या घोड्याबरोबरची तिची जोडी म्हणजे ड्रेसाजमधला आदर्श. जुलै २०२४ मध्ये, पॅरिसच्या तोंडावर, तिचा एक जुना व्हिडिओ बाहेर आला. शिकवताना एका घोड्याच्या पायांवर ती पुन्हा पुन्हा चाबूक मारते आहे. तिने माघार घेतली, पुढे वर्षाची बंदी झाली. म्हणजे ज्ञान असून, प्रेम असूनही हात उठतो. हे वाचून मला दिलासा वाटला नाही, भीतीच वाटली.

आणि तरीही दुसरी बाजू आहेच. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय निकामी. म्हणजे टाच मारणं हा प्रकारच संपला. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. त्या बाईने १९५२ मध्ये हेलसिंकीला ज्युबिली नावाच्या घोडीवर ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवलं, पुरुषांच्या बरोबरीने, आणि तेही स्त्रियांना या खेळात पहिल्यांदाच प्रवेश मिळाला त्या वर्षी. जबरदस्ती करायला पायच नव्हते, म्हणून ऐकवण्यापेक्षा ऐकणं शिकावं लागलं, असं मला उगाच वाटतं.

आपल्याकडचंही आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगनी शहजादावर सुवर्ण जिंकलं. फवाद मिर्झाने २०१८ मध्ये जकार्तात सेन्यॉर मेडिकॉटवर रौप्य मिळवलं आणि तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच घोड्यावर तेविसावा आला. तेविसावा म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण तीन वर्षं एक घोडा धडधाकट आणि राजी ठेवणं हेच मोठं आहे. मग २६ सप्टेंबर २०२३ ला हांगचौमध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं एक्केचाळीस वर्षांनी. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा, अनुष अगरवाला. ही नावं पेपरात ठळक आली. चिन्स्की, अ‍ॅड्रेनलिन फिरफोड, केमएक्सप्रो एमरल्ड आणि एट्रो ही नावं किती जणांनी वाचली? तेही त्याच चौकोनात नाचले होते की! आणि त्यांचे खूर साफ करणाऱ्यांची नावं तर कुठेच नव्हती.

यावर दोन आक्षेप येणार हे मला माहीत आहे. पहिला: एवढा घोड्याचा कळवळा असेल तर बसूच नका त्याच्यावर. त्याने कुठे अर्ज केला होता? याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. घोड्याची संमती आपण कधी घेतलेलीच नाही, हे खरं आहे. पण म्हणूनच त्याचा नकार जास्त मोलाचा. 'हो' विचारायची सोय नाही, तर निदान 'नाही' ऐकायची तरी हवी. ज्या खेळात ती आहे तो खेळ राहावा, ज्यात नाही तो जावा. शंकरपटाचंही तेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. परंपरा म्हणून आनंद मानणारे खूप आहेत. माझं लक्ष त्या अटींकडे आहे, काठी नको, चाबूक नको. त्या पाळल्या तरच ती जोडी, नाहीतर नुसतं जुंपणं.

दुसरा आक्षेप भाऊजींचा: जनावराला शिस्त लागते. बरोबर आहे. आईचं कोडं खोटं नाही. घोडा रोज फिरवला नाही तर तो अडतोच. रोजची मेहनत हवी, कधी कधी थोडा आग्रहही हवा, आणि आळस कुठला नि दुखणं कुठलं हे ओळखायला वर्षं जातात. पण क्रम महत्त्वाचा. आधी खूर बघा, मग खोगीर बघा, मग आपली मांड बघा, आणि मग घोड्याला नावं ठेवा. आपण बरोबर उलट्या क्रमाने जातो. घोड्याच्याच नव्हे, घरातल्या पोरांच्या बाबतीतही.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद आणि लोणी लावून. वर्षभर जूं जिथे टेकलं तिथेच नेमका हात जातो. वर्षातून एक दिवस का होईना, पण आपण कुठे दुखवलंय हे त्या माणसाला पाठ असतं. लग्नसराईत डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या माळेशेजारी डोळ्यांना झापडं लावून उभी असलेली नवरदेवाची घोडी बघितली की मला तो दिवस आठवतो. तिचा खांदा कोण शेकतं? ती अडली तर वरातीतले मामे-काके काय करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मीही त्या वराती नाचलो आहे.

असो. या रविवारी भाचीबरोबर मीही गेलो, अर्धा तास आधी. तिच्या सरांना विचारून तिला खूर कसा उचलायचा, आतली माती कशी काढायची ते दाखवलं. माझे हात विसरले नव्हते. चारही खुरांत काहीही नव्हतं. खोगीरही ठीक होतं. पहिल्या फेरीत घोडा पुन्हा अडला. सरांनी काही न बोलता बांबू जमिनीवर ठेवला, नुसतं चालत नेलं. मग वीतभर वर. मग फूटभर. मग तो उडाला, ही पण उडाली. गेल्या रविवारी का अडला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. नाही कळत काही वेळा.

परत येताना मी तिला बादलची गोष्ट सांगितली, काकांच्या बोलण्यांसकट. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. तिने विचारलं, "मामा, तो नंतर उडी मारायचा का?"

मारायचा. पाय बरा झाल्यावर माझ्याखालीही मारायचा. फक्त बांबूकडे जाताना त्याचा एक कान मागे, माझ्याकडे वळलेला असायचा.

"आणि साईसकाकांना सॉरी म्हणालास?"

मी गाडीचा गिअर बदलला.